धातुकाचेतल्या अणूंचा पत्ता

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल आपल्या ऑफिसात बसून रबरी चेंडू आणि वेगवेगळ्या लांबीच्या काड्या एकमेकांना जोडत असत. जोडणी होता होईल तितकी बेशिस्त व्हावी, एवढीच अट होती. त्यासाठी फार खटपट करावी लागली नाही. दर पाचेक मिनिटांनी कुणीतरी आत येई, काम थांबे, आणि पुन्हा हात घालताना मघाशी काय केले होते ते आठवत नसे. ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. बर्नाल म्हणजे क्ष-किरण स्फटिकशास्त्रातले बडे नाव, डोरोथी हॉजकिन यांचे गुरू. आयुष्यभर रांगेत बसलेले अणू मोजलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर गोंधळाच्या मागे लागला होता. कारण द्रव. वायूतले अणू मोकाट असतात, स्फटिकातले ठरल्या जागी असतात, दोन्हींचे गणित मांडता येते. द्रवातले अणू एकमेकांना जवळजवळ खेटून असतात, तरी त्यांना रांग नसते. त्यांचे काय करायचे?

चेंडूंनंतर बर्नालनी प्लॅस्टिसिनच्या गोळ्या खडूच्या भुकटीत घोळवून एकत्र दाबल्या. दबलेल्या गोळ्यांना सपाट बाजू आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पंचकोनी निघाल्या. मग बेअरिंगचे छर्रे आणले. हजारभर छर्रे घट्ट बसवून त्यांवर काळा रंग ओतला, तो निथळू दिला, वाळू दिला आणि छर्रे सुटे केले. जिथे छर्रा छऱ्याला टेकला होता तिथे रंगाची खूण राहिली होती. खुणा मोजल्या की शेजारी किती ते कळे. अशा बेशिस्त राशीत छर्रे सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात. फळवाल्याच्या ढिगासारखे नीट रचले तर ७४ टक्के. हा दहा टक्क्यांचा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

बर्नाल यांच्या डोक्यात तेव्हा धातूंची काच नव्हती. ती त्याच सुमारास कॅलिफोर्नियात, कॅलटेकमध्ये, जवळजवळ अपघाताने तयार होत होती. पोल डुवेझ, विल्यम क्लेमेंट आणि रोनाल्ड विलेन्स वितळलेले मिश्रधातू झटक्यात थिजवून पाहत होते. त्यांना हवे होते वेगळेच: एरवी एकमेकांत न मुरणारे धातू घाईने गोठवले तर मुरतात का, हे पाहायचे होते. सोने आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणाचा थेंब त्यांनी दाबाच्या झटक्याने तांब्याच्या थंड पृष्ठभागावर फेकला. थेंब पसरून पातळ पापुद्रा झाला आणि सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास वेगाने निवला. क्ष-किरणांनी तपासल्यावर स्फटिकाच्या ठळक रेषा दिसल्याच नाहीत, फक्त पसरट, धूसर कडी दिसली. १९६० च्या ‘नेचर’मधला त्यांचा लेख जेमतेम पानभर आहे. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, सिलिकॉन १४१४ ला, पण शंभरात १९ च्या आसपास सिलिकॉनचे अणू असतील तर मिश्रण ३६३ अंशांपर्यंत द्रव राहते. डुवेझ यांच्या मिश्रणात २५ टक्के सिलिकॉन होते, म्हणजे त्या खळग्याच्या जवळचेच. इतक्या खालपर्यंत द्रव राहणाऱ्या मिश्रणाला गोठताना मांडणी बदलायला फार थोडा अवधी मिळतो.

एवढी घाई का लागते, तर धातूंना काच व्हायचे नसते. खिडकीच्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध ठरावीक दिशेने जातात. ते तोडून, वळवून, पुन्हा जोडून स्फटिक घडायला वेळ लागतो, म्हणून भट्टीतून निघालेला दाट रस सावकाश निवला तरी काचच राहतो. धातूच्या अणूला दिशेचे सोयरसुतक नाही. तो जवळपास गोल चेंडूच. थोडा सरकला की स्फटिकातल्या आपल्या जागी बसतो. त्याला सरकूच दिले नाही, तरच काच मिळते.

शंकेखोर लोक लगेच पुढे आले, आणि त्यांची शंका रास्त होती. धूसर कडी दिसली म्हणजे स्फटिक नाहीत हे कशावरून? स्फटिक अगदीच बारीक, दोन-तीन नॅनोमीटरचे असतील तरी रेषा पसरट होतातच. वाद मिटवायचा तर त्या कड्यांतून अणूंची मांडणी वाचायला हवी होती, आणि खरी अडचण तिथेच आहे.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ठरावीक दिशांना ठिपके उमटतात. त्यांवरून एका घटकपेटीतले अणू शोधले की पुरे, पुढे तीच पेटी कोटी कोटी वेळा येते. काचेत पेटीच नाही. सगळ्या दिशा एकमेकींत मिसळून जातात आणि शेवटी हाती एकच वक्ररेषा उरते: एका अणूवर उभे राहिलो तर किती अंतरावर सरासरी किती अणू भेटतात, एवढेच ती सांगते. एखाद्या गावातल्या प्रत्येक घरापासून प्रत्येक घरापर्यंतचे अंतर मोजावे, मग नावे आणि दिशा खोडून नुसत्या आकड्यांची यादी हातात द्यावी, तसे हे आहे. शेजार किती दाट हे त्या यादीतून कळेल. गल्ल्या कशा आहेत, चौक कुठे आहे, हे कळणार नाही. एकाच यादीत बसणारी कितीतरी गावे असू शकतात. धातुकाचेच्या अभ्यासाचा साठ वर्षांचा बराचसा इतिहास म्हणजे या यादीतून गावाचा नकाशा काढण्याची धडपड आहे, आणि अनेकदा एक नकाशा जुळला म्हणून तोच खरा, असे मानून बसणेही.

त्या वक्ररेषेत पहिला उंचवटा साधारण पाव नॅनोमीटरच्या थोडा पुढे येतो. ते सख्खे शेजारी. दुसरा उंचवटा जरा विचित्र असतो, तो दुभंगलेला असतो. पुढे लाटा मंदावत दीड-दोन नॅनोमीटरपर्यंत रेषा जवळजवळ सपाट होते. हा दुभंगलेला उंचवटा म्हणजे धातुकाचेची ओळखखूणच होऊन बसली. बर्नाल यांचे सहकारी जॉन फिनी यांनी १९७० मध्ये ७९९४ छऱ्यांची मांडणी छर्रा छर्रा मोजून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जी. एस. कारगिल यांनी निकेल-फॉस्फरसच्या अस्फटिक पापुद्र्याची क्ष-किरणांनी मिळालेली रेषा फिनींच्या छऱ्यांच्या रेषेवर ठेवून पाहिली. दुसरा उंचवटा छऱ्यांतही दुभंगलेला होता! बारीक स्फटिकांच्या कल्पनेतून हे येत नव्हते. द्रवासाठी केलेले खेळणे एका घन पदार्थाला लागू पडले होते.

पण नीट पाहिले तर दोन शिखरांच्या उंचीचा क्रम उलटा होता. खऱ्या पदार्थात जवळचे शिखर उंच, छऱ्यांत लांबचे. पोलादी छर्रा दबत नाही, अणू थोडा दबतो, हे त्याचे कारण. १९७५ च्या सुमारास कॉम्प्युटरवर त्याच मांडणीला मऊ अणूंसारखे बल लावून सैल सोडले आणि क्रम सुधारला. मला हा तपशील फार बोलका वाटतो. वक्ररेषा ‘जवळपास जुळली’ होती, आणि ‘जवळपास’मध्ये जे राहिले होते त्यातच पदार्थविज्ञान होते.

दुसरे दुखणे घनतेचे. बर्नालची रास शिस्तीच्या ढिगापेक्षा बरीच पोकळ असते. प्रत्यक्षात आजची जाड धातुकाच तापवून तिचे स्फटिक होऊ दिले, तर घनता साधारण अर्धा ते एक टक्काच वाढते. म्हणजे ही अव्यवस्था शिस्तीइतकीच दाटीवाटीने बसलेली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डी. ई. पोल्क यांनी तोड सुचवली: मोठे धातूचे अणू बर्नालच्या छऱ्यांसारखे, आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांत फॉस्फरस, बोरॉन, सिलिकॉनसारखे छोटे अणू. या काचांत छोट्या अणूंचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपासच का असते, याचाही त्यातून उलगडा होई. कल्पना देखणी होती, पण पुरेशा मोठ्या पोकळ्या इतक्या संख्येने त्या राशीत नसतात. शिवाय नुसत्या धातूंच्या काचा, उदाहरणार्थ तांबे-झिर्कोनियम, तिच्यात बसतच नव्हत्या.

कोण कोणाचा शेजारी, हा प्रश्न मग टाळता येईना. दोन प्रकारचे अणू असले की एका रेषेत तीन रेषा दडलेल्या असतात: मोठ्याची मोठ्याशी, छोट्याची छोट्याशी आणि मोठ्याची छोट्याशी. पाच प्रकार असतील तर पंधरा. त्या वेगळ्या करायला न्यूट्रॉन कामाला आले, आणि यातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. न्यूट्रॉनला अणूचे केंद्रक दिसते, त्यामुळे एकाच मूलद्रव्याची समस्थानिके त्याला वेगवेगळी भासतात. निकेल-५८ न्यूट्रॉनला एका चिन्हाने विखुरते, निकेल-६२ उलट चिन्हाने. दोघांचे योग्य मिश्रण केले तर निकेल न्यूट्रॉनपुरते अदृश्य होते! मग निकेल-बोरॉनच्या काचेत फक्त बोरॉनचे बोरॉनशी नाते उरते. साध्या बोरॉनमधले बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळून टाकते, म्हणून बोरॉन-११ वापरावे लागते. १९८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत स्टुटगार्टच्या गटाने असे नमुने करून ही काच तपासली. त्याआधी १९७६ मध्ये फ्रान्समध्ये सादोक आणि डिक्स्मिए यांनी कोबाल्ट-फॉस्फरसवर ध्रुवित न्यूट्रॉन वापरून असाच निष्कर्ष काढला होता: छोटे अणू एकमेकांना शिवत नाहीत. प्रत्येकाभोवती धातूचे सुमारे नऊ अणू असतात.

ही बेशिस्त नव्हे. केंब्रिजचे फिलिप गॅस्केल यांनी १९७८ च्या सुमारास म्हटले की छोट्या अणूभोवती त्रिकोणी लोलकासारखी जुळणी असते, अगदी त्याच मिश्रणाच्या स्फटिकात असते तशीच, फक्त लोलकांना पुढे रांग नसते. रसायनशास्त्र काचेतही चालूच राहते, हे त्यांचे म्हणणे मला बर्नालपेक्षाही पटते.

(न्यूट्रॉन विवर्तनाचे असे काम आपल्याकडेही होते. मुंबईत ट्रॉम्बेला ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर द्रव आणि काचेसारख्या अस्फटिक पदार्थांची रचना पाहण्यासाठी वेगळे उपकरण बसवलेले आहे. झिर्कोनियमच्या धातुकाचांवर भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी आणि जी. के. डे यांनी बराच अभ्यास केला. झिर्कोनियम हा अणुभट्टीवाल्यांचा घरचा धातू, त्यामुळे हे साहजिकच.)

आता थोडे मागे, १९५२ मध्ये जायला हवे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतले डेव्हिड टर्नबुल यांनी धातूंचे बारीक थेंब गोठणबिंदूच्या खूप खालपर्यंत द्रव राहतात, असे दाखवले होते. ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांनी त्याचे कारण भूमितीत शोधले. एका अणूभोवती बारा अणू बसवायचे तीन मार्ग आहेत. दोन स्फटिकाकडे नेतात. तिसऱ्यात बारा अणू विंशतिफलकाच्या, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या टोकांवर बसतात, आणि फ्रँक यांच्या हिशोबाने त्याची बंधनऊर्जा ८.४ टक्के जास्त भरते. मग द्रवाला हाच आकार आवडत असणार. पण विंशतिफलकांनी अवकाश भरता येत नाही. चार अणूंचे चतुष्फलक घ्या. एका कडेभोवती अशी पाच चतुष्फलके लावली की सव्वासात अंशांहून थोडी जास्त फट राहते. सहावे मावत नाही, पाचांनी वर्तुळ पुरे होत नाही. जवळून सोयीची असलेली मांडणी लांबवर नेता येत नाही आणि अणू अडकून पडतात. बर्नालच्या प्लॅस्टिसिनवरचे पंचकोन याच गोष्टीचे चिन्ह होते.

पुढची कित्येक दशके ‘विंशतिफलक’ हा धातुकाचेच्या चर्चेतला परवलीचा शब्द होऊन गेला. त्याला बळ मिळाले ते दोन बाजूंनी. एक म्हणजे जाड धातुकाचा. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोए यांनी आणि कॅलटेकमध्ये अताकान पेकर व विल्यम जॉन्सन यांनी तीन, चार, पाच मूलद्रव्यांची मिश्रणे शोधली. पेकर-जॉन्सन यांची १९९३ ची झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल, बेरिलियमची काच सेकंदाला अंशभर वेगाने निवली तरी काचच राहते. मूलद्रव्ये तीन किंवा जास्त, आकारांत बारा टक्क्यांहून अधिक फरक, आणि एकमेकांबद्दल ओढ, हे इनोए यांचे आडाखे मूळचे अनुभवातले, पण त्यांमागे दाट बसण्याचीच भूमिती आहे.

दुसरी बाजू कॉम्प्युटरची. मिश्रधातूचे काही हजार अणू कॉम्प्युटरमध्ये वितळवायचे, प्रत्येकावरचे बल काढायचे, थंड करायचे, आणि शेवटी प्रत्येकाचा अगदी अचूक पत्ता हातात. मग प्रत्येक अणूभोवती त्याच्या हद्दीची पेटी आखायची (ही रीत व्होरोनॉय या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते) आणि पेटीला किती बाजू, त्यांत पंचकोनी किती, ते मोजायचे. बाराच्या बारा पंचकोनी असल्या की तो विंशतिफलक. तांबे-झिर्कोनियममध्ये ते भरपूर सापडले. खोट एकच, पण मोठी: कॉम्प्युटरला सेकंदाचा अब्जावा भाग चालवायलाही फार काळ लागतो, म्हणून तिथली काच प्रत्यक्षापेक्षा लाखो, कधी अब्जावधी पट वेगाने निववावी लागते. घाईत निवलेली काच वेगळी असते, हे तर या विषयाचे पहिलेच सूत्र.

२००४ मध्ये अमेरिकी हवाईदलाच्या प्रयोगशाळेतल्या डॅनियल मिरॅकल यांनी छोट्या अणूंभोवतीचे पुंजके एकमेकांत शिरून दाट बसतात, असा आराखडा मांडला. २००६ मध्ये होंगवेई शेंग, एव्हान मा आणि सहकाऱ्यांनी प्रयोग आणि गणन एकत्र करून दाखवले की पुंजक्याचा आकार आकारमानाच्या गुणोत्तरावर ठरतो. केंद्रातला अणू शेजाऱ्यांच्या मानाने लहान, तर लोलक. जरा मोठा, तर विंशतिफलक. त्याहून मोठा, तर पंधरा-सोळा शेजाऱ्यांचे वेगळेच प्रकार. ‘धातुकाचेची रचना’ असे एकवचन वापरायची सवय तिथेच मोडायला हवी होती. निकेल-फॉस्फरस आणि तांबे-झिर्कोनियम यांच्यात ‘काच’ हे विशेषण सोडले तर समान असे फार थोडे आहे.

मात्र हे सारे यादीवरून काढलेले नकाशेच होते. प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले इलेक्ट्रॉनांमुळे. तोहोकूमध्ये अकिहिको हिराता, मिंगवेई चेन आणि त्यांच्या गटाने इलेक्ट्रॉनांचा झोत सुमारे ०.३६ नॅनोमीटरपर्यंत बारीक केला, म्हणजे जवळपास एका पुंजक्याएवढा. २०११ मध्ये झिर्कोनियम-निकेलच्या काचेत त्यांना एकेका पुंजक्याचे स्वतःचे ठिपके दिसले. सगळ्या पुंजक्यांची बेरीज झाल्यावर जी धूसर कडी होतात, त्यांच्या आतले हे ठिपके. २०१३ मध्ये झिर्कोनियम-प्लॅटिनममध्ये विंशतिफलक पाहिले तर तेही बरेचसे पिळवटलेले निघाले, स्फटिकाच्या मांडणीकडे थोडे झुकलेले. फ्रँक यांचा निर्दोष आकार फक्त कागदावरचा होता.

त्यानंतर २०२१. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जियानवेई मियाव आणि सहकाऱ्यांनी आठ धातूंचा एक कण घेतला: कोबाल्ट, निकेल, रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम, चांदी, इरिडियम, प्लॅटिनम. बर्कलेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो वेगवेगळ्या कोनांत कलवून ५५ चित्रे घेतली, आणि ती जुळवून १८,३५६ अणूंच्या त्रिमितीय जागा काढल्या. कुठलेही गृहीत प्रतिरूप नाही, सरासरी नाही. बर्नाल यांना छऱ्यांत जे दिसले होते ते आता खऱ्या अणूंत मोजता येत होते. दिसले काय? जवळचे पुंजके वेडेवाकडे, पण पुंजक्यांची केंद्रे काही ठिकाणी नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरपर्यंत घनाकार किंवा षट्कोनी जाळीसारखी बसलेली. पुढच्याच वर्षी त्याच गटाने एकाच मूलद्रव्याच्या अस्फटिक पदार्थांत, टँटालम आणि पॅलेडियममध्ये पाहिले, तर तिथे पूर्ण विंशतिफलक थोडेच. बोलबाला होता पाच चतुष्फलकांच्या जुडीचा, जिच्यात ती सव्वासात अंशांची फट राहते. अशा जुड्यांचीच जाळी तयार झाली होती.

वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटले असते की सगळे पत्ते मिळाले की प्रश्न संपला. तो संपला नाही. पत्ते हातात आल्यावर ‘शिस्त’ कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते, आणि जाळीपासून किती टक्के ढळलेले चालेल याची मर्यादा माणूसच आखतो. ती थोडी सैल केली की स्फटिकसदृश पुंजके वाढतात, आवळली की कमी होतात. शिवाय आठ धातू असले तरी चित्रांत तीनच गट ओळखता आले. अणुक्रमांक जवळचे असले की कोबाल्ट आणि निकेल यांत फरक करता येत नाही.

व्यवहाराला लागते ती माहिती तर अजून दूर आहे. सर्वांत जास्त खपणारी धातुकाच म्हणजे लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनची पट्टी. वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या चाकावर सोडून ती सुमारे २५ मायक्रोमीटर जाडीची काढतात. वितरण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ती घातली की रिकाम्या चालण्यातली वीजहानी सिलिकॉन पोलादाच्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी घटते. भारतातही असे ट्रान्सफॉर्मर बसवले जातात. गाभा तयार झाला की पट्टीतला ताण काढायला तो स्फटिक होणार नाही इतपत तापवतात. तापवण्यापूर्वी पट्टी बोटांनी दुमडता येते. तापवल्यावर दुमडली की तुटते. दोन्ही पट्ट्यांची क्ष-किरणांची वक्ररेषा मात्र शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. अणू कुठेतरी किंचित घट्ट बसलेले असतात, पण कुठे, ते सरासरीत बुडून जाते. मियाव यांची रीत इथे लावावी, तर ज्या प्रकारच्या चित्रणात जड अणू उजळ दिसतात त्यात लोखंडाच्या शेजारी बोरॉन जवळजवळ उमटतच नाही. त्याचा अणुक्रमांक ५, लोखंडाचा २६.